दोनशे वाव पाण्यातली मुशी

गाठ बदललेली होती. बाकी सगळं जिथल्या तिथं. मांजरपाटाचं तेच कापड, फॉर्मॅलीन पिऊन पिऊन पिवळं पडलेलं. पत्र्याची तीच चकती, तिच्यावर त्यानं स्वतः खिळ्यानं ठोकलेला एक्केचाळीस हा आकडा. आणि गाठ मात्र भलत्याच माणसाची. हरेश्वरनं गाठोडं मत्स्य प्रयोगशाळेच्या तळघरातल्या सिमेंटच्या हौदातून काढून कठड्यावर ठेवलं होतं. नवे साहेब पलीकडे नाकाला रुमाल लावून उभे होते आणि म्हणत होते, "आटप बाबा, शनिवारच्या आत हा हौद रिकामा झाला पाहिजे." हरेश्वरच्या हातांना एकच गाठ यायची. जीवना बंदरावरच्या बाईमाणसाला, पोरासोरांना, सगळ्यांनाच येते ती, जाळ्याची. ओली झाली की दातांनीसुद्धा सुटत नाही. ही तर बुटाच्या नाडीला मारतात तसली सुरगाठ. शिकलेल्या माणसाची. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हे सोडलं होतं, आतलं पाहिलं होतं आणि परत बांधून हौदात टाकलं होतं. आणि ज्याच्याकडे या हौदाची किल्ली, त्या हरेश्वरला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानं सुरगाठीचं टोक धरून ओढलं.

कापड उलगडलं तेव्हा आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं. आत हातभर लांबीची एक मुशी होती, शार्कच्या जातीतली. पोट उभं चिरलेलं, आतडी काढलेली, आणि आतून काट्याच्या दोन्ही बाजूंना मीठ भरायला मारलेल्या चिरा. खारवलेली मुशी! कोळ्याच्या घरी पावसाळ्याची तरतूद म्हणून माळ्यावर मडक्यात घालून ठेवतात ती. कापडाच्या घडीत कागदाचा एक कपटा होता, पेन्सिलीनं लिहिलेला, कारण शाई फॉर्मॅलीनमध्ये विरघळते आणि पेन्सिल टिकते. अक्षर आधीच्या ओवळेकर साहेबांचं. तिरपं, बारीक, वेलांट्या न मोडणारं. 'खारवलेली मुशी. घरगुती. १९ जुलै १९५८.' बस्स, एवढंच. "काय निघालं रे?" नव्या साहेबांनी विचारलं. "मुशी हाय, साहेब," हरेश्वर म्हणाला. "मग टाकून दे की. मुंबईत मुश्यांना काय तोटा?" असं म्हणून ते जिना चढून गेले. त्यांना बिचाऱ्यांना कामं होती.

टाकून दे म्हणे. हरेश्वर कठड्यावर बसला. वर घड्याळात अकराचे ठोके पडले, चहावाला जिन्यावरून ओरडून गेला, तरी हा आपला बसलेला. एक्केचाळीस नंबर म्हणजे काय हे या इमारतीत आता एकट्या त्यालाच ठाऊक होतं. अठ्ठावन्न सालच्या एप्रिलात सरकारी बोट खोल समुद्रात गेली होती, दोन दिवस पश्चिमेला, जिथं समुद्राचा तळ एकदम कड्यासारखा तुटतो तिथवर. हरेश्वर बोटीवर खलाशी आणि उतरल्यावर प्रयोगशाळेत परिचर, असा दुहेरी माणूस होता. जाळं सोडलं तेव्हा दोर संपता संपेना. दोनशे वाव पाणी, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. त्याच्या बापानं जन्मभर कधी तीस वावांच्या पलीकडे गळ टाकला नव्हता. जाळं वर आलं, तांबडी कोलंबी, बटबटीत डोळ्यांचे मऊ मासे, सगळा भुताटकीचा बाजार, आणि त्यात ही. हातभर, सडपातळ, काळी. पोट तर पाठीपेक्षाही काळं. डोळे हिरवे, आणि ते मेल्यावरही हिरवेच राहिलेले. त्यानं शेपटीला धरून उचलली तर अंगठ्यात काटा घुसला. पाठीवरच्या दोन्ही परांच्या पुढं एकेक काटा होता. आणि शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली, जिथं आपल्या मुशीला पर असतो, तिथं काहीच नाही, साफ. बाकीच्या खलाशांनी ती पायानं बाजूला सारली असती. हरेश्वरनं नाही सारली. कोळ्याचा पोर तो, मुशी जन्मापासून पाहिलेली. ही आपल्यातली नव्हे हे त्यानं एका नजरेत ओळखलं. ही हुशारी कुठल्या पुस्तकातली नव्हती, ती त्याची स्वतःची होती, आणि तिचा त्याला अजूनही अभिमान होता.

ओवळेकर साहेब बोट लागून खाटेवर पडले होते, उशाशी लिंबू घेऊन. मुशी पाहिली आणि माणूस ताडकन उठून बसला. काटे मोजले, दात भिंगाखाली धरले, दोन जाडजूड पुस्तकं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि मग हसायलाच लागले. "हरेश्वर, ही पुस्तकात नाही रे! लेका, ही कुणी पाहिलेलीच नाही!" स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्यांनी त्याला बशीत ओतून दिला. म्हणाले, "मी हिच्यावर लिहीन तेव्हा खाली लिहीन, ओळखणारा हरेश्वर, राहणार जीवना बंदर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा. विलायतेत वाचतील." हरेश्वरला आयुष्यात कुणी असं काही देऊ केलं नव्हतं. पगार मिळत होता, खाकी कपडे मिळत होते, शिव्याही मिळत होत्या, पण नाव? त्यानं मुशी मांजरपाटात गुंडाळली, चकती अडकवली, गाठ मारली. फॉर्मॅलीनचं पिंप संपलं होतं, बोटीचं यंत्र कुरकुर करत होतं, दुरुस्तीसाठी श्रीवर्धनसमोर नांगर टाकावा लागला. साहेब म्हणाले, "तुझी बायको बाळंत झालीय ना? जा, पोरीचं तोंड बघ. आणि उद्या मासळीच्या लाँचीनं हिला बर्फात घालून मुंबईला ने. गाठोडं सोडू नकोस, तसंच हौदात टाक, मी येऊन उघडीन. हिच्यात माझा जीव आहे, हरेश्वर."

आता त्या एका दिवसाचा प्रत्येक तास त्याला पुन्हा तपासावा लागणार होता. सकाळी नऊला तो घरी पोचला. पोरगी आठ दिवसांची, आणि रडत होती. रडत कसली, रडायचंही बळ नव्हतं, मांजरीसारखा आवाज काढत होती. त्याची आई, सखुबाई, दारातच भेटली. "हऱ्या, केसरला दूध न्हाय. आळीव झाले, मेथ्या झाल्या, खसखस झाली. पोर गूळपाण्यावर हाय. बाळंतिणीला मुशीचा रस्सा पायजे, तर आठ दिस बंदरावर वली मुशी येत न्हाय. मडक्यातली खारी हाय, पन खारं कसं घालू वल्या बाळंतिणीला? अंग सुजंल तिचं." आणि मग तिची नजर त्याच्या टोपलीवर गेली. कोळीण ती, बर्फात काय आहे हे तिला वासावरून कळलं. "मुशी हाय?" तिनं विचारलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की हरेश्वरला आपण चोरी करतोय असं वाटलं. "हिला हात लावायचा न्हाय, आये," तो म्हणाला. "सरकारी हाय." आई म्हणाली, सरकारला काय दूध पाजायचंय? तेव्हा तो चिडला. म्हणाला, मुशीनं दूध येत न्हाय, ती नुसती समजूत हाय, साहेबांनी मला सांगितलंय. दूध बाईच्या अंगात असलं तर येतं, नसलं तर न्हाय, त्याचा माशाशी काय संबंध न्हाय.

खरंच सांगितलं होतं साहेबांनी. बोटीवर गप्पा निघाल्या तेव्हा. तो खोटं बोलला नव्हता. मग तो आत केसरजवळ जाऊन बसला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, दोरी कशी संपेना, काटा कसा घुसला, साहेब कसे हसले, विलायतेत नाव कसं जाणार. ती ऐकत होती. एकदा तिनं विचारलं, "बघू तरी कशी हाय?" तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता, की बायकोला आपल्या कामात रस वाटतोय! पण गाठ सोडायची नव्हती, म्हणून त्यानं नुसतं कापडावरून चाचपून दाखवलं. हा काटा. हा दुसरा. दुपारी तो लाँचीची जागा ठरवायला बंदरावर गेला. तासभर. फार तर दीड तास. परत आला तेव्हा आई चुलीपुढं, पोरगी झोपलेली, केसर पदर ओढून पडलेली, आणि टोपली होती तिथंच, वर बर्फ, भुसा, केळीचं पान. घरात रस्श्याचा वास होता का? होता. त्याला आता आठवलं की होता. पण कोळ्याच्या घरी माशाचा वास येतो याचं कुणाला काय वाटणार? दुसऱ्या दिवशी तो टोपली मांडीवर घेऊन मुंबईला आला, वाटेत दोनदा लाँचवाल्याच्या हातापाया पडून नवा बर्फ मागितला. आणि हौदात टाकायच्या आधी, गाठ न सोडता, कापडावरूनच सुईनं पोटात फॉर्मॅलीन सोडलं, तेव्हा सुई फटकन आत गेली, काही लागलंच नाही. त्याला वाटलं, खोल पाण्यातले मासे मऊ असतात.

मडक्यातली खारी मुशी दोन पाण्यांत भिजत घालून त्याला मांडीवर दिली होती, आणि तो तिला मुंबईपर्यंत बर्फ घालत आला. त्याला हसू आलं. घरात बायका दोनच. त्याची गाठ बरोब्बर तशीच मारायला त्या दोघींनाही डोळे उघडे ठेवायची गरज नव्हती.

पण त्याहून वाईट ते दुसरंच, त्या कपट्यावरच्या तारखेचं. एकोणीस जुलै. म्हणजे ओवळेकर साहेबांनी तीन महिन्यांत गाठोडं उघडलं होतं. आणि बोलले नाहीत! त्या पावसाळ्यानंतर बोट निघाली तेव्हा त्यांनी हरेश्वरचं नाव खलाशांतून काढलं होतं. कारण काय तर, "तुला समुद्र मानवत नाही." कोळ्याला समुद्र मानवत नाही! तेव्हा तो खोलीवर येऊन सोबत्यांना सांगत सुटला होता, साहेबांना माझ्या तब्येतीची काळजी. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली, तेव्हा वाटलं, नियम आला असेल. कुठला मासा तुमच्यात काय म्हणतात असं साहेब रोज विचारायचे, ते थांबलं, तेव्हा वाटलं, आता त्यांना सगळं येतं. माणूस आपली समजूत घालायला लागला की त्याला कुणी हरवू शकत नाही. आणि दर वर्षी, एप्रिल आला की, हा शहाणा साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहायचा. "साहेब, एक्केचाळीस नंबरचं काय झालं?" साहेब चष्मा काढायचे. त्याच्याकडे बराच वेळ बघायचे. मग म्हणायचे, "बघू." चार वर्षं. चारदा. त्या बघण्यात काय होतं ते हरेश्वरला आज, आत्ता, या ओल्या कठड्यावर बसून कळत होतं. कानशिलं तापली, कुणी नसताना त्यानं तोंड ओंजळीत झाकलं. त्यांना वाटलं असणार, काय निर्लज्ज माणूस आहे! मासा खाल्ला, मडक्यातली मुशी आणून दिली, आणि वर दर वर्षी तोंड वर करून विचारायला येतो!

एकदा विचारायचं होतं, साहेब. एकदा कानफटात मारून विचारायचं होतं, हे काय आहे म्हणून. त्यानं शपथ घेतली असती, देवाची, पोरीची. पण साहेब भला माणूस. भल्या माणसानं मनातल्या मनात खटला चालवला, निकाल दिला, कपट्यावर लिहिला आणि सुरगाठ मारून टाकली. गेल्या श्रावणात ते वारले. हरेश्वर स्मशानात गेला होता, चार आण्यांचा हार घेऊन, लांब उभा राहून ढसाढसा रडला होता. साहेबांच्या मुलानं विचारलं, "आपण कोण?" तेव्हा हा म्हणाला होता, "मी साहेबांचा माणूस." आता कुणाला जाऊन सांगायचं? जो चोर ठरवून गेला त्याची राखही उरली नव्हती.

त्यानं दोन दिवसांची रजा मागितली, मुशी पुन्हा त्याच कापडात बांधली, त्याच्या गाठीनं, आणि पिशवीत घालून सकाळची आगबोट धरली. बोटीवर बायका नाकाला पदर लावून सरकल्या. एक म्हातारी म्हणालीच, "काय मेला उंदीर आनलास व्हय रे पिशवीत?" त्यानं पिशवी पायांत ओढून घेतली. डाव्या हाताला किनारा सरकत होता, नागावच्या माडांची रेघ, मग डोंगर, मग पुन्हा माड, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: दोघींतली कोण? आई की केसर? अलिबाग मागं पडेपर्यंत ते आईचं काम होतं. आईच तसली, धसमुसळी, सरकारलाही न भिणारी. तिला आपल्या नातीपुढं विलायत काय नि साहेब काय. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्यावर हे सगळं घालून टाकणं सोपं होतं. मेलेल्या माणसावर किती राग धरणार, आणि तो पुरणार कुठं? पण मुरुड जवळ आलं आणि त्याला ते 'बघू तरी कशी हाय' आठवलं. तो तिला काटे चाचपून दाखवत होता, आणि ती काय मोजत होती? लांबी? मडक्यातली तेवढ्या लांबीची आहे का ते? नाही, नाही. केसर असं करणार नाही. सहा वर्षं एका पांघरुणात झोपलेली बाई, शिमग्याला, नारळी पुनवेला त्याची वाट बघणारी. बंदरावर अंबाजी तांडेल त्याला चिडवायचा, "काय रे हरेश्वर, तुझ्या माशाचं बारसं झालं का न्हाय अजून?" तेव्हा सगळ्या बायकांत केसर एकटी हसायची नाही. खाली बघायची. याला वाटायचं, तिला माझा अपमान लागतो. देवा, आईच असू दे. तो खरोखरच मनातल्या मनात तसं म्हणाला, हात जोडून, आगबोटीच्या कठड्याशी. आईनं मला फसवलं असू दे.

पडावातून उतरून तो किनाऱ्यानं चालत जीवन्याला आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. केसर अंगणात वाळत घातलेले बोंबील दांडीवरून काढत होती. अवेळी नवरा आलेला पाहून तिच्या कपाळावर आठी पडली. "काय वं, नोकरी गेली काय?" रंगू धावत आली, पाच वर्षांची होत आलेली, "बाबा, काय आनलं?" म्हणून पिशवीला लोंबली. त्यानं तिला शेजारच्या वेणूबाईकडे जाऊन खेळ म्हणून सांगितलं. ती फुगून गेली. मग त्यानं पडवीत बसून, पाणीही न मागता, पिशवीतलं गाठोडं काढलं, गाठ सोडली, आणि मुशी केसरसमोर ठेवली.

केसर बघत राहिली. हातातले बोंबील तिनं सुपात ठेवले. मग खाली बसली, मुशीच्या पोटावरची चीर दोन बोटांनी फाकवली, आणि बोटं नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं. "अजून व्हती?" ती म्हणाली. "मला वाटलं, कवाच फेकली असंल."

"आईनं केलं ना हे?" हरेश्वर म्हणाला. त्यानं तो प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं, नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मेलेल्या सासूचं नाव घ्यायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

"आईनं रांधली," केसर म्हणाली. "कापली म्या. गाठ म्या सोडली, बांधली म्या. ती नको नको म्हनत व्हती. म्हनाली, हऱ्या सोडायचा न्हाय. म्या म्हनलं, नको सोडू दे."

एवढं सरळ! तो पाच तास बोटीवर हिच्यासाठी देवाला साकडं घालत आला होता, आणि हिनं एका दमात सगळं अंगावर घेतलं. त्याचा आवाज चढला. "तुला सांगितलं व्हतं ना मी? तुझ्या उशाशी बसून सांगितलं व्हतं! माझं नाव व्हतं त्यात. साहेब मला चोर समजून मेले, केसर. चार वर्सं मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन इचारत व्हतो, माझ्या मुशीचं काय झालं. आनि ती इथं तुझ्या पोटात! तू मला एकदा, एकदा तरी सांगायचं व्हतंस."

"काय सांगायचं व्हतं?" तीही आता तापली. "तुमी आलात तवा पोरीला घेतलंत काय वं? सांगा. उंबऱ्यातनं आत आलात, टोपली ठेवलीत, बरफ निथळला, नवा बरफ घातलात. दिसभरात चार येळा बरफ घातलात. म्या मोजलं. पोरगी तिकडं कण्हत व्हती, तिला एकदा बी उचलली न्हाय तुमी. मला वाटलं, ह्या माणसाला कायतरी झालंय. माशाला निजवतोय नि लेक मरायला टाकलीय." ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. तिचा राग जसा आला तसा ओसरला, आणि ती एकदम दमल्यासारखी दिसायला लागली. "मरू द्या ते. केलं म्या. फसवलं तुमाला, व्हय. पन त्याचं फळ बी मला तवाच मिळालं."

"कसलं फळ? पोरगी जगली तुजी. दूध आलं."

"न्हाय आलं."

"आईनं पत्र लिवलं व्हतं. दूध आलं, काळजी नको."

"आईनं मास्तरांला तसं लिवाया सांगितलं. तुमाला कुटं काय कळतं तिकडं! रंगू वेणूबाईच्या अंगावर वाढली. तिचा सदा तवा पीत व्हता, तिनं दुसरी बाजू हिला दिली. माजं दूध थेंब न्हाय आलं. समदा रस्सा पेले मी, तेलकट, कडवट, वकारी येत व्हती तरी पेले. काटं चोखले. न्हाय आलं." केसरनं मुशीच्या उघड्या पोटावर कापडाचं टोक ओढलं, उघड्या माणसाला झाकावं तसं. मग ती हळू बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता. "तिच्या पोटात दोन व्हती. म्या इळीवर धरून चिरली तर दोन पोरं बाहेर आली. बोटाएवढी. डोळं हिरवं, उघडं, नि पोटाला बलकाची पिवळी पिशवी. आई म्हनाली, टाक रस्श्यात. म्या न्हाय टाकली. पदरात घेतली, नि तशीच मागच्या दारानं पुळणीवर गेले, आठ दिसांची बाळंतीण, नि पाण्यात सोडली. ती बुडाली. मेलीच व्हती ती, पन सोडली."

दोन पिल्लं. हरेश्वरच्या डोळ्यांपुढं ओवळेकर साहेब उभे राहिले, खाटेवर उठून बसलेले, भिंग हातात घेतलेले. पिल्लं सापडली असती तर तो माणूस नाचला असता. कुणी न पाहिलेल्या मुशीची कुणी न पाहिलेली पिल्लं, आणि ती पाहिली कुणी, तर या बाईनं, इळीवर बसून. सगळ्या जगात ती एकटीच. त्याला तिचा असा काही हेवा वाटला की तो स्वतःच दचकला.

"पाच वर्सं मी ह्योच इचार करते," केसर म्हणाली. "तुमी म्हनाला व्हतात मुशीनं दूध येत न्हाय. पन आमच्यात समद्यांना येतं वं. माज्या आईला आलं, वेणूबाईला आलं. मलाच का न्हाय? म्या पोटुशी कापली म्हनून. पोरांची आई खाल्ली म्हनून. तिनं माजं दूध नेलं. कुनाला बोलले न्हाय मी, आईला बी न्हाय. दुसरं मूल नको म्हनते मी तुमाला, ते त्याचसाठी. परत दूध न्हाय आलं तर? तुमी एवढ्या साहेबांत वावरता, पुस्तकातलं तुमाला ठावं असंल." आता तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. "खरं सांगा. तसंच झालं ना?"

त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं पक्कं या अख्ख्या कोळीवाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुशी पोटुशी असो की नसो, ओली असो की खारी, तिचा बाईच्या दुधाशी काडीचा संबंध नाही. हे त्याच पडवीत, त्याच दिवशी त्यानं आईला ओरडून सांगितलं होतं. तुझा काही दोष नाही, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते त्याच्या जिभेवर आले होते, तो ते म्हणणारही होता. केसर वाट बघत होती, ओठ किंचित उघडे, हाताला सुक्या बोंबलांचा चुरा चिकटलेला. आणि त्याला वाटलं, मी चार वर्षं असाच उभा होतो. असाच, तोंडाकडे बघत. मला कुणी सांगितलं?

"व्हय," हरेश्वर म्हणाला.

केसरनं मान हलवली. "वाटलंच मला," ती म्हणाली. रडली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, हात धुतले, आणि तो सकाळपासून जेवला नसेल म्हणून भात टाकायला आत गेली.